मित्राने सांगितलं की त्याला मुलगे आवडतात, आता ग्रुपमधली मस्करी बंद करावी का?

अजिबात बंद करू नका भाऊ. तुम्ही लिहिलंय की तुमचा लहानपणापासूनचा दोस्त तुमच्याजवळ हे बोलला, अन् ग्रुपमध्ये तर रोजच डेटिंग अ‍ॅपवरून एकमेकांची खेचणं चालू असतं, म्हणून आता त्याच्यासमोर तोंड उघडायलाच भीती वाटते. पण कालपर्यंत ज्याची खेचत होते त्याच्याशी सगळे एकदम जपून बोलायला लागले की सगळ्यात आधी त्यालाच कळतं, आपण आता यांच्यातले राहिलो नाही म्हणून.

मी आर्वीकडचा, आमच्या ग्रुपमध्ये पण हे झालं. वावरात रोडग्यांची पार्टी होती, एकाच्या टिंडरवर सगळ्यात जवळची पोरगी नागपूरची दाखवत होती म्हणून त्याचा फोन हातोहात फिरत होता अन् सगळे त्याला एसटीचा पास काढ म्हणून छळत होते. तेवढ्यात गोवऱ्यांतले रोडगे पलटवणारा बोलला, "मले नोका देऊ तो फोन, मले पोट्टे आवडते." कोणी काही बोलेचना. मग ज्याचं शेती करतो म्हणून लग्नच जमत नाहीये तो म्हणाला, "म्हंजे पोरगी पाहाच्या लाइनीतून तू बाहेर? बरं झालं बे, एक नंबर तं समोर सरकला माहा." पोट्टा इतका हसला की हातातला रोडगा राखेत पडला.

हे चाललं, कारण हसू आलं ते गावातल्या लग्नाच्या हालतीवर, त्याच्यावर नाही. त्याने लावलेला फोटो, रिप्लाय येते का म्हणून सारखा फोन पाहणं, त्याची आवड, यावर बिनधास्त खेचा, जशी बाकीच्यांची खेचता. टाळ्या वाजवून दाखवणं, बायकी आवाज काढणं, "मी पण आवडतो का रे तुले" हे नको. तुम्हाला पोरी आवडतात म्हणून गावातली प्रत्येक पोरगी आवडते का? आणि "लग्न कर, सगळं ठीक होते" हे तर गमतीत पण बोलू नका, घरचे ते रोज खरंखुरं बोलणारच आहेत.

एका ठिकाणी मात्र सिरियस व्हा. गे अ‍ॅपवर फेक प्रोफाइल बनवून पोरांना एकट्या जागी बोलावतात, मारतात, व्हिडिओ काढून पैसे मागतात. त्याला सांगा, आधी व्हिडिओ कॉल कर, पहिली भेट दिवसा, नागपूर-अमरावतीत गर्दीच्या जागी, अन् लाइव्ह लोकेशन तुम्हाला पाठवून ठेव. तरी कोणी धमकी दिलीच तर एक रुपया देऊ नका, चॅटचे स्क्रीनशॉट ठेवा, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. "377 मध्ये आत टाकतो" (समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं जुनं कलम) म्हणत असेल तर घाबरायचं कारण नाही, 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने ठेवलेला संबंध गुन्हा नाही, उलट असे पैसे मागणं हीच खंडणी आहे.

अजून एक, ग्रुपमध्ये बाकीच्यांना माहीत आहे का ते तुम्ही लिहिलं नाही. नसेल तर ही मस्करी तुमच्या दोघांतच ठेवा. सांगायचं असेल त्या दिवशी तो स्वतः सांगेल, तोपर्यंत तुमच्या बायकोला पण नाही.