रसायनांची लांबलचक इंग्रजी नावे कुठे तोडून वाचावीत?

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आता पुण्यात बी.एस्सी. करताना तोंडी परीक्षेत रसायनांची लांब नावे वाचताना जीभ अडखळते, तेव्हा ती अक्षरागणिक कशी तोडावीत, असे आपण विचारले आहे. मीही पुण्यातच या विषयाची प्रात्यक्षिके घेतो आणि माझे स्पष्ट मत असे की नाव आधी अक्षरांत तोडूच नये. ते रेणूच्या घटकांत तोडावे.

बोअरच्या पाण्याची कठिणता मोजताना आपण ब्युरेटमध्ये ईडीटीए भरतो. त्याचे पूर्ण नाव एथिलीनडायअमीनटेट्राअसेटिक अॅसिड. हे शेवटाकडून उलगडत यावे. शेवटी असेटिक आम्लाचा गट, त्याआधी टेट्रा, म्हणजे असे चार गट, त्याआधी डायअमीन, म्हणजे हे गट ज्यांना जोडलेले आहेत ते दोन नायट्रोजन, आणि सर्वांत पुढे एथिलीन, म्हणजे त्या दोन नायट्रोजनांमधला दोन कार्बनांचा पूल. ही रचना एकदा कागदावर काढली की कुठे थांबायचे ते वेगळे पाठ करावे लागत नाही. मात्र टेट्राचा शेवटचा स्वर आणि असेटिकचा पहिला स्वर स्वतंत्र उच्चारावेत. आपल्या सवर्णदीर्घ संधीची सवय इथे आड येते.

यानंतर प्रश्न उरतो आघाताचा, आणि मला वाटते, खरी अडचण तीच आहे, कारण मराठीत आपण सगळी अक्षरे जवळपास सारख्या जोराने उच्चारतो. नावाच्या शेवटी 'इक' असेल, तर जोर त्याच्या लगेच आधीच्या अक्षरावर द्यावा: बेन्झोइकमध्ये 'झो'वर, सल्फ्युरिकमध्ये 'फ्यु'वर. अॅस्पिरिनचे रासायनिक नाव असेटिलसॅलिसिलिक अॅसिड. त्यातही मुख्य जोर 'सि'वर येतो.

मीथाइल हा ब्रिटिश आणि मेथिल हा अमेरिकन उच्चार. दोन्ही ग्राह्य आहेत, फक्त एकच धरून ठेवावा. 2,4-डायनायट्रोफेनिलहायड्रझीनमधले आकडे 'टू, फोर' असे वाचावेत. स्वल्पविराम उच्चारू नये, तिथे किंचित थांबणे पुरेसे आहे.

जर्नल लिहितानाही नाव ओळीत मावले नाही, तर संयोगचिन्ह याच सांध्यांवर, म्हणजे डायनायट्रो किंवा फेनिल संपते तिथे द्यावे.