फरक ‘लक्षणीय’ की ‘सार्थ’?

प्रश्न असा आहे: शिक्षणशास्त्राच्या प्रबंधात प्रायोगिक आणि नियंत्रित गटांच्या मध्यमानांची (सरासरी गुणांची) टी-परीक्षिकेने (t-test) तुलना केली. निष्कर्षात ‘लक्षणीय फरक आढळला’ लिहावं की ‘सार्थ फरक आढळला’?

‘सार्थ’ लिहा. ‘लक्षणीय’ म्हणजे नजरेत भरण्याजोगा. त्या शब्दात फरक मोठा असल्याचा दावा येतो. टी-परीक्षिका तो दावा करतच नाही. गटांत मुळात फरक नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसणं कितपत दुर्मीळ, इतकंच तिच्यातून कळतं.

५० गुणांची चाचणी आणि दोन्ही गटांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत, त्याचं माप) ६ धरा. प्रत्येक गटात १० मुलं आणि मध्यमानांत ५ गुणांचं अंतर असेल, तर टी येतो १.८६. स्वाधीनता मात्रा (दोन्ही गटांतली मुलं वजा २) १८ असताना ०.०५ सार्थकता स्तरावर, म्हणजे नसलेला फरक आहे म्हणण्याचा धोका ५ टक्क्यांवर ठेवून, फरक सार्थ ठरायला टी हवा किमान २.१०. म्हणजे फरक सार्थ नाही; पण ५० पैकी ५ गुण कुठल्याही शिक्षकाच्या लक्षात येतील! आता प्रत्येक गटात ३०० मुलं घ्या. अवघ्या १ गुणाच्या अंतराला टी मिळतो २.०४ आणि हवा असतो १.९६. हा फरक सार्थ आहे, पण त्याला लक्षणीय कोण म्हणेल?

‘सार्थक फरक’ असंही पुष्कळ प्रबंधांत दिसतं. मराठीत ‘सार्थक’ मुख्यतः नाम म्हणून रुळलंय (जन्माचं सार्थक झालं), विशेषणाला ‘सार्थ’च बरं. ‘सार्थकता स्तर’ मात्र रूढ आहे, तो बदलू नये. ‘टी-चाचणी’ चूक नाही, पण मुलांना दिलेली परीक्षाही ‘चाचणी’च असते आणि एकाच परिच्छेदात दोन्ही आल्या की वाचणारा अडखळतो, म्हणून ‘परीक्षिका’.

याच वाक्यात आणखी एक चूक हमखास होते. ‘गटांत फरक नाही’ या गृहीतकाला शून्य परिकल्पना म्हणतात. टी कमी आला की ‘शून्य परिकल्पनेचा स्वीकार केला’ लिहितात. वरच्या १०-१० मुलांच्या गटांत ५ गुणांचं अंतर असताना ‘फरक नाही’ हे सिद्ध कसं होईल? नमुना लहान होता, एवढंच. ‘शून्य परिकल्पनेचा त्याग करता आला नाही’ असं लिहावं.

आणि वरची टी-परीक्षिका ‘स्वतंत्र गटां’साठी असते; ‘स्वतंत्र गट’ म्हणजे वेगळ्या वर्गात बसवलेली मुलं नव्हेत. एका गटातल्या गुणांची दुसऱ्या गटातल्या गुणांशी जोडी लागत नाही, हा त्याचा अर्थ. त्याच ३० मुलांची पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी हे स्वतंत्र गट होत नाहीत. तिथे जोडीची टी-परीक्षिका लागते आणि स्वाधीनता मात्रा ५८ नव्हे, २९ (जोड्या वजा १) असते.