वाटप, वाटणी आणि फेरवाटणी

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या नागपूरच्या एका मुलीचा प्रश्न आहे. समाजवाद आणि भांडवलशाहीवरच्या उत्तरात तिने 'संपत्तीची फेरवाटणी' असं लिहिलं. शिकवणाऱ्यांनी ते खोडून 'फेरवाटप' केलं आणि सांगितलं, "वाटणी भावाभावांत होते, सरकार करतं ते वाटप." तिचं चुकलं का?

अजिबात नाही. मला तर तिचाच शब्द जास्त नेमका वाटतो.

'वाटणे'चं मूळ संस्कृत 'वण्ट्', म्हणजे भाग पाडणे. हिंदीतलं 'बाँटना' त्याच घरातलं, आणि आपल्या विदर्भाच्या शिवारात चालते ती 'बटई', म्हणजे पिकाच्या हिश्श्यावर दुसऱ्याची शेती कसणं, तीसुद्धा. (रस्ता या अर्थाची 'वाट' वेगळी, ती 'वर्त्मन्'वरून आली.) वाटा, वाटणी, वाटप ही तिन्ही एकाच धातूची लेकरं, पण स्वभाव सारखे नाहीत. बोलून पाहा: 'माझ्या वाट्याला दोन एकर आले' म्हणता येतं, 'माझ्या वाटणीला आले' हेही म्हणता येतं. 'माझ्या वाटपाला आले' असं मात्र कोणीच म्हणत नाही. गावाकडची बाई भांडताना म्हणते, "माह्या वाटनीचं मले दे." तिथे वाटप बसवून पाहा, भांडणातला जीवच जातो.

वाटपाला देणारा हात लागतो. ब्लँकेट वाटप, सायकल वाटप, साडी वाटप. फलकावर नाव देणाऱ्याचं असतं, घेणारे रांगेत उभे असतात. वाटणीला बसलेले सगळेच धनी असतात. कोणी म्हणेल, कोर्टात भाऊ भावावर 'वाटपाचा दावा' लावतोच की. खरं आहे, कायद्याच्या भाषेत वाटपाचा तो हक्काचा अर्थ टिकून आहे. रोजच्या बोलण्यात मात्र तो झिजत चालला आहे, आणि याचं मला वाईट वाटतं. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या कुटुंबांना माणशी महिन्याला 5 किलो धान्य हक्क म्हणून दिलं. आपण अजून त्याला 'धान्य वाटप' म्हणतो, आणि हक्काचं घ्यायला गेलेला माणूस उपकाराखाली दबल्यासारखा उभा राहतो.

आता 'फेर'. हा छोटा शब्द फार बोलतो. फेरवाटणी म्हटलं की आधी एक वाटणी होऊन गेली आहे हे गृहीत धरावं लागतं. ती कुठे झाली? भांडवलशाहीत ती मजुरी ठरते तिथेच होते. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतमजूर, पाडव्याला साल ठरवतो. पुढच्या पाडव्यापर्यंत कापूस कितीही पिको, भाव कितीही चढो, त्याचा आकडा तोच. शेजारच्या शेतातला बटईदार मात्र पिकाच्या हिश्शाचा धनी असतो. पीक बुडालं तर तोही बुडतो, पण आलं तर त्याच्या वाट्याला येतं. सरकार नंतर कर घेऊन रेशन, शाळा, दवाखाना देतं ती दुसरी फेरी. म्हणून 'पुनर्वितरण', म्हणजे फेरवाटणीचंच पाठ्यपुस्तकी नाव, हा मुळात भांडवलशाहीतल्या कल्याणकारी राज्याचा शब्द आहे असं मी म्हणेन.

मार्क्सने तर 1875 साली जर्मन समाजवाद्यांच्या गोथा कार्यक्रमावर टीका करताना निव्वळ वाटपावर भर देणाऱ्या आपल्याच मित्रांना सुनावलं होतं. उत्पादनाची साधनं कोणाच्या हाती आहेत यावर खायच्या-वापरायच्या वस्तूंची वाटणी ठरते, असं त्याचं म्हणणं. 'प्रत्येकाकडून कुवतीप्रमाणे, प्रत्येकाला गरजेप्रमाणे' हे प्रसिद्ध वचन त्याच टीकेत येतं, पण साम्यवादाच्या वरच्या पायरीसाठी. 1936च्या सोव्हिएत राज्यघटनेने त्याचा उत्तरार्ध 'कामाप्रमाणे' असा ठेवला. उत्तरपत्रिकांत या दोन वचनांची गल्लत फार होते, तेवढी टाळ.

आणि वाटणी फक्त घरात होते, या मुद्द्याला उत्तर आपल्या शेजारच्या पवनारात, विनोबा भाव्यांच्या आश्रमात आहे. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीला त्यांचं भूदान, म्हणजे भूमिहीनांसाठी जमीन मागणं, सुरू झालं. विनोबा ज्याच्याकडे जमीन मागत त्याला म्हणत, तुला पाच मुलगे असतील तर मला सहावा समज आणि माझा हिस्सा दे. 'दानं संविभागः' हे शंकराचार्यांचं वचन ते पुढे ठेवत. संविभाग म्हणजे नीट केलेली वाटणी. नाव दान, पण मागणी सहाव्या मुलाची. घराबाहेरच्या भूमिहीनाला त्यांनी वाटणीच्या बैठकीत आणून बसवलं.

तर परीक्षेत पाठ्यपुस्तकातला 'पुनर्वितरण' लिही, गुण कापले जाणार नाहीत. सरकारने काय, किती, कोणाला दिलं हे सांगायचं असेल तिथे 'वाटप' बरोबर आहे. हक्काचा प्रश्न असेल तिथे मात्र 'फेरवाटणी'च लिही, आणि पुन्हा कोणी खोडलं तर 'माझ्या वाटपाला आले' हे वाक्य त्यांना मोठ्याने वाचून दाखव.