गेटपाशी वळलेली स्कूटी

‘मॅडम, तिथं सगळे मोठमोठे लिहिणारे येणार. माझ्या ओळखीचं कुणी नाही. मी एकटी जाऊन करू काय?’

कधी साहित्य संमेलनाच्या निमित्तानं, कधी ऑफिसच्या कार्यक्रमाच्या, हा प्रश्न समुपदेशनात माझ्याकडे सतत येतो. मागच्या वर्षी तो शैलजानं विचारला. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, तिच्या परवानगीनं लिहिते आहे.) वय चौतीस. सोलापूरच्या पूर्व भागात घर, घरात तेलुगू, बाहेर मराठी. वडिलांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं, ती स्वतः टॉवेलच्या एका दुकानात हिशेब बघते. रात्री घर झोपलं की ब्लॉग लिहिते. कांड्या भरणाऱ्या बायका, जकार्डची नक्षी, वडिलांच्या कानात मुरलेला मागाचा आवाज. मी तिचं लेखन वाचलंय. ते थांबू नये असं मला फार वाटतं.

शहरातल्याच काही लिहित्या मंडळींनी वर्गणी काढून ब्लॉग आणि सोशल मीडियावाल्यांचं दोन दिवसांचं संमेलन भरवलं होतं. आदल्या वर्षीही भरलं होतं. तेव्हा शैलजानं नाव नोंदवलं, नवा ड्रेस शिवला, तीन रात्री नीट झोपली नाही आणि त्या सकाळी संमेलनाच्या गेटपर्यंत गेली. आत माणसं घोळक्यानं हसत उभी होती. तिनं स्कूटी वळवली ती थेट सिद्धेश्वर तलावावर. तासभर पाण्याकडे बघत बसली आणि घरी येऊन सांगितलं, ‘छान झालं.’ आईनं विचारलं, ‘जेवायला काय होतं?’ त्यावर ती काहीतरी बोलली. हे सांगताना तिचे डोळे भरले. न जाण्यापेक्षा त्या खोट्याचं दुःख तिला जास्त होतं.

भीती नेमकी कशाची, हे मी तिला कागदावर लिहायला लावलं. ‘भीती वाटते’ एवढ्यावर काम करता येत नाही. तिनं तीन वाक्यं लिहिली. माझा तेलुगू हेल ऐकून हसतील. फॉलोअर्स किती असं विचारतील. मी एकटी उभी आहे हे सगळ्यांना दिसेल.

तिसऱ्या वाक्यापासून सुरुवात केली. कॉर्नेल विद्यापीठात टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून त्याला भरल्या खोलीत पाठवायचं. निम्म्या लोकांच्या तरी तो लक्षात आला असेल, असं त्याला वाटायचं. प्रत्यक्षात लक्षात यायचा जेमतेम पाव लोकांच्या. शैलजानं ऐकून घेतलं, पण पटलं नाही. म्हणून मी तिला ओढणी उलटी घालून संध्याकाळच्या गर्दीत नवी पेठेतून चालून यायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात ती आली. ‘एकीनंच सांगितलं, मॅडम. बांगडीवाली होती. हळूच म्हणाली, ताई, ओढणी उलटी झालीय.’ जरा थांबून म्हणाली, ‘चांगुलपणानं सांगितलं हो तिनं.’ लोक बघत नाहीत एवढंच तिला कळावं, अशी माझी अपेक्षा होती. एखाद्यानं बघितलंच तर तो मायेनंही बघू शकतो, हे तिचं तिनं आणलं.

मग लोकांनी चालवलेलं संमेलन म्हणजे काय, यावर बोललो. 2005 साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला पहिला बारकॅम्प भरला, म्हणजे संगणकवाल्यांनी स्वतःच जमवलेलं संमेलन. नुसता प्रेक्षक कुणी नाही, आलेला प्रत्येक जण सहभागी, ही त्याची रीत. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोला पहिला वर्डकॅम्प झाला, वर्डप्रेस हे ब्लॉगचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा. तिथंही राबणारे स्वयंसेवक, आणि बोलणाऱ्यांना मानधन नाही. अशा ठिकाणी मांडवातलं कार्य असतं तसं असतं, काम करणाऱ्या हातांची कमतरताच असते. मी सुचवलं, ‘पाहुणी म्हणून जाऊ नका, कामाला जा.’ तिनं आयोजकांना फोन केला. नोंदणीचं टेबल मिळालं.

शनिवारी रात्री तिचा फोन आला. आवाजात आनंद होता. ‘लई छान झालं, मॅडम! दिवसभर टेबल सोडलंच नाही मी.’

माझ्या मनात चर्र झालं. चूक माझी होती. मी तिला काम दिलं असं मला वाटत होतं, तिला मिळाली होती लपायची जागा. एकही सत्र तिनं ऐकलं नव्हतं, जेवणसुद्धा टेबलामागेच. घोळक्यात मोबाइलमध्ये डोकं घालून उभं राहणं आणि हे, दोन्ही एकच. अशा आडोशानं त्या वेळेपुरतं बरं वाटतं, पण ‘आडोसा होता म्हणून निभावलं’ ही समजूत पक्की होते आणि भीती जागच्या जागी राहते. मी हे तिला तसंच सांगितलं, आधी शाबासकी देऊन. कारण या वेळी ती गेटातून आत गेली होती आणि ते लहान काम नव्हतं.

रविवारसाठी फोनवरच ठरलं. सकाळच्या चहानंतर टेबल दुसऱ्याकडे द्यायचं. एका तरी घोळक्यात जाऊन उभं राहायचं. घोळका निवडण्याची एक खूण मी तिला दिली. एरिक होल्शर नावाच्या संगणक क्षेत्रातल्या माणसानं संमेलनांसाठी पॅक-मॅन नियम सांगितलाय: गोल करून उभे राहाल तेव्हा एका माणसाची जागा मोकळी ठेवा, पॅक-मॅन या व्हिडिओ गेममधल्या गोल पात्राच्या उघड्या तोंडासारखी. हा नियम सगळ्यांना ठाऊक नसतो, पण अशी फट पुष्कळ घोळक्यांना असते. ‘फट दिसेल तिथं उभ्या राहा. स्वतःची ओळख करून देण्याची घाई नको. आधी एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच हवंय असा.’

तिनं बार्शीकडच्या एका गृहस्थांना विचारलं, ‘जुने फोटो टाकताना परवानगी कशी घेता?’ ते विहिरींवर लिहितात. पुढची वीस मिनिटं दोघं फोटोंवरच बोलत होते.

दुपारी मात्र दुसरं वाक्य खरं झालं. एका तरुणानं विचारलंच, ‘फॉलोअर्स किती?’ घशाला कोरड पडली, तरी तिनं सांगितलं, ‘चारशे बारा.’ तो ‘अच्छा’ म्हणाला आणि दुसऱ्याकडे वळला. तिला लागलं. बाथरूममध्ये जाऊन तिनं तोंड धुतलं. पर्स खांद्याला होती, स्कूटीची चावी हातात होती. ‘पाच मिनिटं तशीच उभी होते, मॅडम. मग चावी पर्समध्ये टाकली.’ ती परत आत गेली आणि शेवटच्या सत्रापर्यंत बसली.

मला विचाराल तर त्या दोन दिवसांत हीच पाच मिनिटं सगळ्यांत मोलाची. भीती खोटी ठरली असं मी तिला म्हणूच शकत नव्हते. जे घडू नये असं वाटत होतं ते घडलं, आणि त्यानंतरही ती तिथं होती.

असा त्रास सहा महिन्यांहून जास्त काळ टिकून असेल, त्यापायी नोकरी, शिक्षण, नाती अडत असतील, तर एकट्यानं झुंजत बसू नका. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक कधीही लागतो, मराठीतही बोलता येतं.

शैलजाला अजूनही अशा सकाळी घास उतरत नाही. त्यावर काम चालू आहे. आईला मात्र तिनं त्या रविवारी जेवणात काय काय होतं ते सांगितलं, आणि आदल्या वर्षीचं खरं काय तेही. आता तिला वडिलांना मागापाशी बसवून व्हिडिओ करायचाय, स्वतःच्या आवाजात. हेलाचं पहिलं वाक्य अजून कागदावर तसंच आहे. गुरुवारी आम्ही त्यावर बसणार आहोत.