साडेचार टक्क्यांच्या भरवशावर येतोस?

जुळे सोलापूरचा आहेस म्हणतोस, म्हणून सरळ अरे-तुरे करतोय. तुझा मुख्य प्रश्न असा, की मंदीची चर्चा आहे, पण अमेरिकेतला बेकारीचा दर साडेचारच्या आसपासच दिसतो, तर फॅमिली घेऊन यावं का? फी, फॉर्म, तारखा सरकारी साइटवर आहेत. ते मी सांगत बसत नाही.

तो दर निघतो कसा, ते बघ. दर महिन्याला साधारण ६० हजार घरांत विचारपूस होते. गेल्या चार आठवड्यांत काम शोधलं असेल तरच माणूस सहसा बेकार. वैतागून शोधणं सोडलं की हिशेबातूनच बाद. आठवड्यात तासभर पगारी काम केलं की झाला नोकरदार. २००९च्या ऑक्टोबरात दर १० टक्क्यांवर गेला. शोधून थकलेले आणि नाइलाजाने अर्धवेळ राबणारे धरले तर तोच आकडा १७च्या वर होता. आणि मंदी म्हणे जूनमध्येच संपली होती! गेलेल्या नोकऱ्या भरून यायला २०१४ उजाडलं. कंपन्या कुणाला काढत नाहीत आणि कुणाला घेतही नाहीत, असेही महिने असतात. तेव्हा दर छान दिसतो आणि नवा माणूस दाराबाहेरच राहतो. त्यामुळे दरापेक्षा नवी भरती किती होतेय ते बघ.

माझी नोकरी २००९च्या फेब्रुवारीत गेली, न्यू जर्सीत. हल्ली एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला नोकरी गेल्यावर नवी शोधायला ६० दिवसांपर्यंत मिळतात, पण तो नियम २०१७चा. आम्हाला ती सोय नव्हती. नशिबाने सहा आठवड्यांची नोटीस होती. पगार चालू, पण ऑफिसात येऊ नका म्हणाले. मी रोज सकाळी डबा घेऊन लायब्ररीत जाऊन बसायचो. पार्किंगमध्ये गाडीत बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायची, काच वर करून, वास बाहेर जाऊ नये म्हणून. बायकोलाही पहिले आठ दिवस बोललो नाही. माझ्या वडिलांची, अप्पांची, कामाची मिल बंद पडली तेव्हा तेही महिनाभर सायकलला डबा लावून निघायचे आणि सिद्धेश्वर तळ्याकाठी बसायचे. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग यायचा. घरात सांगायला काय होतं, असं वाटायचं.

पाचव्या आठवड्यात ओहायोत काम मिळालं. पगार कमी, पण नव्या कंपनीचा व्हिसासाठीचा अर्ज मुदतीत गेला. त्यातही जुन्या कंपनीचं एक पत्र हवं होतं. सहीसाठी मी अकरा फोन केले. काढलेल्या माणसाचा फोन कोण उचलतो?

पण सलतं ते दुसरंच. मुलगी दुसरीत होती. मार्चमध्ये, वर्षाच्या मध्येच शाळा बदलली. प्रवेशाच्या फॉर्मवर प्रश्न होता, घरी कोणती भाषा बोलता? मी प्रामाणिकपणे मराठी लिहिलं. झालं! धडाधड इंग्रजी पुस्तकं वाचणाऱ्या पोरीला रोज वर्गातून उठवून इंग्रजी शिकवायला वेगळ्या खोलीत न्यायचे. ते थांबवायला मला पुढची दिवाळी उजाडली. तोवर तिने घरी मराठी बोलणं सोडलं होतं. अजूनही मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. तू काय लिहायचं ते तू ठरव. मी मात्र तो फॉर्म पुन्हा भरायला मिळाला तर काय लिहीन, ते मला आजही ठरवता येत नाही.

एकटेपणाचं विचारलंयस. असतो. दोन हिवाळे काढलेस की सवय होते.

आणखी एक. तुझ्या अख्ख्या प्रश्नात बायको फक्त ‘फॅमिली’ या शब्दात आहे. ती काय काम करते, तू लिहिलं नाहीस. माझी बायको सोलापुरात एका शाळेत गणित शिकवायची. २००७ साली माझ्यासाठी राजीनामा दिला. माझ्या व्हिसाला जोडून मिळालेल्या तिच्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती, आणि काही जणींना ती मिळायला लागली २०१५ साली. म्हणजे ती आठ वर्षं इथल्या बेकारांतही मोजली गेली नाही, कारण काम शोधायचीच मुभा नव्हती. तिला विचारलंस का?