परक्या घरातला संकोच

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आदरणीय ताई, सादर नमस्कार. मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली. विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या कार्यक्रमातून एका वर्षासाठी जपानला आले असून गेले सात आठवडे एका जपानी कुटुंबात राहते आहे. घरात काका, काकू आणि शाळेत जाणारा त्यांचा मुलगा आहे. माणसे फार चांगली आहेत, तरीही माझ्या वागण्याने ती दुखावली जात आहेत असे मला वाटू लागले आहे. आल्याच्या दुसऱ्या दिवशी अंघोळ झाल्यावर मी टबाचे बूच काढून सगळे पाणी सोडून दिले. काकू ‘हरकत नाही’ म्हणाल्या, पण त्या रात्री टब पुन्हा भरावा लागला. आमच्या घरी मासे-मटण चालत नाही, म्हणून काकू माझ्यासाठी रोज भाज्यांचे मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) घातलेले सूप करतात. त्यातही माशाचा अर्क असतो, हे मला वर्गातल्या एका मैत्रिणीकडून कळले. तेव्हापासून मी पोट भरल्याचे सांगून वाटी तशीच ठेवते. आता काकू माझ्याशी पूर्वीसारख्या बोलत नाहीत. रात्री आईचा फोन येतो, तेव्हा मी अगदी हळू बोलते, तरी सकाळी काका ‘झोप नीट झाली का’ असे विचारतात. मी हे घर सोडून वसतिगृहात जावे का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : बाळ, घर सोडण्याचा विचार आज तरी करू नकोस. तुझ्या पत्रात त्या कुटुंबाविषयी एकही वावगी गोष्ट नाही. आहे ती न बोललेल्या गोष्टींची यादी. मी स्वतः तरुणपणी दहा महिने एका जपानी कुटुंबात राहिले आहे, आणि टबाचे पाणी मीही सोडून दिले होते. तिथे आधी बाहेर बसून साबण लावून अंग स्वच्छ करायचे असते, आणि टबात उतरायचे ते फक्त गरम पाण्यात शेकत बसण्यासाठी. त्याच पाण्यात घरातले सगळे एकामागून एक बसतात, पाणी गार होऊ नये म्हणून वर झाकण ठेवतात, आणि कित्येक घरांत उरलेले पाणी दुसऱ्या दिवशी कपडे धुण्यासाठी वापरतात. पाहुण्याला पहिला मान देण्याची रीत असल्यामुळे सगळ्यांआधी आत जाणारी तूच असणार. आपल्याकडे पूर्वी तांब्याचा बंब असे, तेव्हा स्वतःची अंघोळ झाल्यावर पुढच्यासाठी बंबात पाणी ओतूनच बाहेर यायचे, हे लहान मुलालाही ठाऊक होते. त्या टबाकडे त्याच नजरेने पाहा. झाला प्रकार जुना झाला, त्याची पुन्हा माफी मागत बसू नकोस. रोज झाकण नीट ठेवून बाहेर येत जा.

खरा प्रश्न सुपाचा आहे. ज्या अर्काविषयी तू लिहिलेस, त्याला ‘दाशी’ म्हणतात. बोनिटो जातीचा मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात आणि त्याचा पातळ कीस पाण्यात उकळून हा अर्क काढतात. जपानी स्वयंपाकात तो इतका मुरलेला आहे की आपण फोडणीची गणना जशी वेगळी करत नाही, तशी त्या काकूंच्या मनात दाशीची गणना ‘मासा’ म्हणून होत नसणार. त्यांनी तुला फसवले नाही. मासा नको म्हटल्यावर त्यांनी ताटातला मासा काढला आणि भाज्या घातल्या, म्हणजे तुझे ऐकलेच. नकळत पोटात गेले, त्याचा दोष मनाला लावून घेऊ नकोस. पण तू काहीही न सांगता वाटी बाजूला सारतेस, तेव्हा त्यांना एवढेच दिसते की कालपर्यंत आवडीने पिणारी मुलगी आज आपल्या हातचे खात नाही.

हे मी यजमानाच्या बाजूनेही अनुभवले आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, तेव्हा आमच्या घरी दोन कुटुंबे आठवडाभर राहिली होती. त्यांतल्या एका बाई ताटात वाढलेल्या भातातले चार घास कसेबसे खाऊन उठायच्या आणि विचारले की ‘झालं माझं’ म्हणायच्या. आपले काय चुकले या विचाराने मी बेचैन होते. पाचव्या दिवशी त्यांच्या मुलाकडून समजले की त्यांना मधुमेह आहे आणि भात वर्ज्य आहे. दुसऱ्या बाईंनी आल्या संध्याकाळीच ‘भाकरीचं पीठ कुठं हाय?’ असे विचारून परात पुढे ओढली होती. दोघीही भल्या होत्या, आणि पहिल्या बाईंनी केले ते मला त्रास नको म्हणूनच केले. पण जड झाला तो त्यांचा संकोचच.

तेव्हा येत्या दोन-तीन दिवसांत काकूंशी बोल. जेवणाच्या पंगतीत नको. त्या भांडी घासत असताना शेजारी उभी राहून पुसायला घे आणि सांग, की माशाची दाशीही मला चालत नाही, हे मला उशिरा कळले आणि सांगायला संकोच वाटला. संकोचाला त्यांच्या भाषेत ‘एन्र्यो’ असा शब्द आहे, तो वापरलास तर पुढचे त्यांना आपोआप समजेल. त्याच वेळी उपायही हाती दे. कोंबु नावाच्या वाळवलेल्या समुद्री वनस्पतीची आणि सुकवलेल्या शिताके अळंब्यांची दाशी तिथल्या बौद्ध मठांच्या शाकाहारी स्वयंपाकात पूर्वापार वापरली जाते. या स्वयंपाकाला ‘शोजिन र्योरी’ म्हणतात, आणि हे नाव काकूंना नक्की माहीत असेल. कोंबु गार पाण्यात अर्धा तास भिजवून मंद आचेवर ठेवायचा, उकळी फुटण्याआधी बाहेर काढायचा, आणि मिसो अगदी शेवटी, आच बंद करून कालवायचा. मिसोच्या काही डब्यांत दाशी आधीच मिसळलेली असते, म्हणून डबा घेताना तेवढे वाचून घे. सामान तू स्वतः आण आणि ‘मला शिकवाल का’ असे विचार. मला वाटते, सुपाच्या त्या पातेल्यापाशी तुमचे बोलणे पुन्हा सुरू होईल.

काकांच्या प्रश्नाचा अर्थही सरळ आहे. जपानचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास असते आणि ते वर्षभर तसेच राहते. आई रात्रीचे जेवण आवरून नऊ वाजता फोन करत असतील, तर तिथे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. लाकडी घरांच्या पातळ भिंतींतून कुजबुजही ऐकू येते. आईला सांग, की कोल्हापुरात संध्याकाळी साडेपाच वाजता फोन करा. तुझ्याकडे तेव्हा नऊ वाजलेले असतील.

मन खचले तर आनंदीबाई जोशींना आठव. केवळ पत्रांतून ओळख झालेल्या कार्पेंटर कुटुंबाच्या न्यू जर्सीतील घरी त्या 1883 मध्ये एकट्या जाऊन राहिल्या आणि यजमानीणबाईंना मावशी म्हणू लागल्या. 1886 मध्ये डॉक्टर झाल्यावर त्यांना नेमणूक मिळाली होती ती आपल्याच कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, स्त्रियांच्या कक्षावर. पुढच्याच वर्षी त्या गेल्या, आणि त्यांची रक्षा त्या मावशींकडे पाठवण्यात आली. कार्पेंटरांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती आजही आहे. परक्या घराशी इतके नाते जुळू शकते, हे कोल्हापूरच्या मुलीला माहीत असावे असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : माझा मुलगा पुढील महिन्यात जपानमध्ये एका कुटुंबाकडे राहायला जात आहे. त्यांच्यासाठी पैठणी आणि चांदीची समई पाठवावी असा आमचा विचार आहे. योग्य होईल का?
— एक आई, राजारामपुरी

उत्तर : आपली भावना मोठी आहे, पण भेट लहान असू द्यावी. तिथे भेटीची परतफेड करण्याची पद्धत आहे आणि चांदीच्या समईची परतफेड करताना ते कुटुंब अडचणीत येईल. खाऊन संपणारी, प्रत्येकाला एक एक देता येईल अशी बंद वेष्टनातली वस्तू त्यांना आवडते. आपल्या गुळाच्या लहान वड्या किंवा काजूची चिक्की पुरेशी आहे. मांसाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत आणि ताज्या फळांना तपासणीचा दाखला लागतो, म्हणून त्या वाटेला जाऊ नये. मुलासोबत घरच्या सर्वांचा एक फोटो आणि आपण स्वहस्ते लिहिलेले चार ओळींचे पत्र अवश्य द्यावे; ते मराठीत असले तरी चालेल, वाचून दाखवायला तो तिथे असेलच.