स्लीपमधून उठल्यावर लॅपटॉपला कधी कधी एसएसडी सापडत नाही, सर्व्हिसवाले मदरबोर्ड बदला म्हणतात, बदलू का?

नका बदलू. तुमचं वाचून जुनं सगळं आठवलं. तुमच्यासारखंच, आठवड्यातून एकदोनदा झाकण उघडलं की स्क्रीन अडकते, एसएसडी म्हणजे लॅपटॉपची डिस्क गायब, कधी वायफाय गायब, आणि रीस्टार्ट केला की जसं काही झालंच नाही. माझं २०२१ मध्ये सेम हेच, उबुंटू लिनक्स होतं, आणि दुकानदाराने दहा मिनिटं चालवून बघून बाबांना सांगितलं की मदरबोर्ड गेलाय, मुलाने लिनक्स टाकून वाट लावली, १८ हजार लागतील. बाबांना ते पटलं. माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

अहो, दिवसभर कंपाइलसारखं (कोडचा प्रोग्राम बनवायचं) जड काम चालतं तेव्हा काही होत नाही, फक्त स्लीपनंतरच होतं, तर आधी पॉवर सेव्हिंगवर संशय घ्यायचा ना! पण पुरावा मिळेना. रीस्टार्टनंतर लॉग (सिस्टीमने लिहिलेल्या नोंदी) बघावा तर स्लीपपर्यंतच्या ओळी आणि पुढे कोरं. दोन आठवडे माझ्या डोक्यात आलं नाही की लॉग ज्या डिस्कवर लिहायचा तीच गेलीय, तर लिहिणार कुठे. मग एका टर्मिनलमध्ये डीमेसेज, म्हणजे कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) मेसेज दाखवणारी कमांड, लाइव्ह चालू ठेवायला लागलो आणि एका रात्री झाकण उघडलं तर समोर ओळ, एनव्हीएमई (एसएसडी ज्या पद्धतीने जोडलेली असते ती) कंट्रोलर डाउन, आणि सीएसटीएसपुढे, म्हणजे ड्राइव्हची स्थिती सांगणाऱ्या रजिस्टरपुढे, सगळे एफ. म्हणजे कर्नलने ते रजिस्टर वाचायला घेतलं आणि पलीकडून उत्तरच नाही. लगेच मोबाईलवर फोटो काढला.

मग आरटीसीवेकने (ठरलेल्या वेळी लॅपटॉप आपोआप उठवणारी कमांड) ६० सेकंद झोपव, उठव, रात्रभर लूप. पहिल्या रात्री २३व्या फेरीला अडकला. दुसऱ्या रात्री एकच बदल केला, एनव्हीएमईच्या कर्नल पॅरामीटरमध्ये (बूट होताना द्यायची सेटिंग) मॅक्स लेटन्सी, म्हणजे ड्राइव्हला जागं व्हायला चालणारा जास्तीत जास्त उशीर, शून्य, म्हणजे ड्राइव्हने खोल पॉवर स्टेटमध्ये जायचंच नाही. ३०० फेऱ्या झाल्या, एकही एरर नाही. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही.

हो, आणि हे सगळं करायच्या आधी बॅकअप घ्या, हे खरं तर पहिल्यांदा लिहायला हवं होतं. बायोस (मदरबोर्डवरचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) आणि एसएसडीचं फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून बघा, कधी तेवढ्यानेच भागतं. मॅक्स लेटन्सी शून्य केल्याने बॅटरी थोडी कमी पुरते. विंडोज असेल तर पॉवरसीएफजी कमांडचा स्लीपस्टडी रिपोर्ट काढा, त्यात स्लीपमध्ये काय झालं ते दिसतं. स्लीप न करताही अडकत असेल तर मात्र मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावा, एसएसडी काढून परत नीट बसवा, तेव्हा मदरबोर्डसुद्धा असू शकतो. वायफायचं मला एवढं माहीत नाही, माझं एसएसडीवरच थांबलं.

सर्व्हिसवाल्यांना विचारा की कोणत्या टेस्टमध्ये मदरबोर्ड फेल झाला, आणि ते लिहून मागा. आम्ही मागितलं नव्हतं. तो लॅपटॉप त्याच मदरबोर्डवर आज बहीण वापरते. बाबांना फोटो दाखवला, लूपचा आकडा दाखवला, तरी ते म्हणतात दुकानदारानेच तेव्हा काहीतरी नीट केलं असणार. त्याने एक स्क्रूसुद्धा उघडला नव्हता, मी तिथेच उभा होतो.